शनिवारच्या मुली

डॉक्टर म्बुलाबाईंचा फोन आला तेव्हा पेरेस अवुओर मक्यात खुरपत होती. हात मातीने भरलेले, त्यामुळे तिने फोन खांद्यावर दाबून धरला. आवाज ओळखायला तिला क्षणभर लागला, पण "ओटिसची आई" अशी हाक कानावर पडली आणि ती बांधावरच बसली. या गावाबाहेरच्या एकाच बाईने तिला कधी त्या नावाने हाक मारली होती, आणि तीही चुकीच्या सुरात.

"मंगळवारी कासेरेला येतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते नवीन इंजेक्शन तुमच्या सरकारी दवाखान्यात द्यायला लागलेत ना, बघायचंय. निवृत्त व्हायच्या आधीची ही माझी शेवटची फेरी. आणि तुमच्याकडचा मासा खायचाय."

"काटे काढून ठेवते," पेरेस म्हणाली. "तुम्हाला अजून जमत नसणार."

पलीकडे हसू ऐकू आलं. फोन बंद झाला, तरी पेरेस बांधावरून उठली नाही. खाली सरोवराचं पाणी उन्हात चमकत होतं आणि किनाऱ्यावर जाळ्यांवर पसरलेली ओमेनाची बारीक मासळी लांबून सांडलेल्या चांदीसारखी दिसत होती. त्या किनाऱ्याच्या टोकाला एक जाड भिंतींची इमारत आहे. आता तिथे बालवाडी भरते. एके काळी तिथे तिच्या मुली भरायच्या.

ती इमारत सरकारने मासळी थंड ठेवायला बांधली होती. बर्फाचं यंत्र काही आलं नाही, आलं ते नैरोबीचं संशोधन. भिंतींना खिडक्या पाडल्या, चुना मारला, पडदे लावून तपासणीच्या खोल्या केल्या, पण मासळीचा वास मात्र कोणाच्या बापाला घालवता आला नाही. डॉक्टरबाई पहिले दोन आठवडे नाकाला रुमाल लावून बसायच्या. मुली म्हणायच्या, "आम्हाला तर बाई इथे घरच्यासारखं वाटतं."

संशोधन होतं एका गोळीचं. रोज एक घेतली की तो आजार अंगाला लागत नाही, हे दुसरीकडे दिसून आलं होतं. पण किनाऱ्यावरच्या सोळा ते चोवीस वर्षांच्या मुली ती रोज घेतील का, घेतली तर त्यातल्या किती वाचतील, हे कोणालाच माहीत नव्हतं. आणि कासेरेत मरत होत्या त्या याच मुली. इथली रीत उघड होती, फक्त तिच्याविषयी कोणी बोलत नसे. होडीवाल्याला खूश ठेवलं तर पहाटे टोपलीत मासळी पडते, नाहीतर रिकामी टोपली घेऊन घरी. त्याच पुरुषाची दुसऱ्या किनाऱ्यावर दुसरी असते आणि तिसऱ्यावर तिसरी.

मुली गोळा करायला, त्यांना सांभाळायला संशोधनवाल्यांना गावातली बाई हवी होती. सगळ्यांनी पेरेसकडे बोट दाखवलं. त्याला कारण होतं.

पेरेसचा नवरा ओचोला मासळीचा ट्रक चालवायचा. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, बारीक होऊन गेला. त्या काळी आजाराचं नाव कोणी घेत नसे, माणसं नुसती बारीक व्हायची. मग पेरेसही बारीक व्हायला लागली. रिवाजाप्रमाणे दीर तिला बायको म्हणून आपल्या घरात घ्यायला आला, तर ती म्हणाली, "येते, पण आधी दोघं जाऊन रक्त तपासून येऊ." तो जो गेला तो परत आलाच नाही. ती एकटीच गेली, गोळ्या सुरू केल्या, आणि वर्षभरात असं अंग भरलं की चर्चमधल्या बाया तिच्या दंडाला हात लावून बघायच्या. एका रविवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि आजाराचं नाव घेऊन म्हणाली, "हा मला आहे. आणि मी जिवंत आहे." गोळ्यांची पांढरी डबी ती खिडकीत मिठाशेजारी ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे म्हणूनच ठेवायची.

अशी ही बाई मुलींची आत्या झाली. आईजवळ जे बोलता येत नाही ते आत्याजवळ बोलायचं असतं, म्हणून.

शनिवार त्यांचा दिवस. सकाळी तपासणी, रक्त, नव्या महिन्याच्या गोळ्या, आणि मग दुपारपर्यंत कोणी हलायचं नाही. मागच्या अंगणात आंब्याखाली चहाचं मोठं पातेलं चढायचं, टोपलीत गरम तळलेली गोडसर मंदाझी. एक दुसरीच्या वेण्या घालतेय, दुसरी तिसरीचं मूल पायावर झुलवतेय, कोणीतरी रेडिओ आणलाय. हसण्याचा असा गलका व्हायचा की होडी दुरुस्त करणारे म्हातारे विचारायचे, "आत औषध देतात की दारू?"

नेरिया अदोयो त्यांतली सगळ्यांत तिखट. सतरा वर्षांची, आजीबरोबर ओमेना वाळवून विकायची. डॉक्टरबाई कांबा मुलखातल्या, लुओ भाषा शिकायची त्यांना हौस. एकदा त्यांनी नेरियाच्या आजीला, सिप्रोझाला, "जेवण झालं का" म्हणायचं ते "तुमचा घास झाला का" अशा थाटाचं काहीतरी विचारलं. आजी घाबरून म्हणाली, "अजून नाही झाला, पोरी, सरोवरात मगरी आहेत पण मी जपून असते." नेरिया अंगणात लोळून हसली. पुढे कितीतरी महिने मुली एकमेकींना भेटल्यावर तेच विचारायच्या.

टर्फेना दुसऱ्या टोकाची. हळू बोलणारी, कडेवर मूल. सोळाव्या वर्षी शाळा सुटली होती, नवरा मासेमारीला पलीकडच्या देशात गेला होता तो तिकडचाच झाला, ही सासरीच राहिली आणि पहाटेच्या मासळीसाठी तीही किनाऱ्यावर जायची. ती कोपऱ्यात बसून सगळ्यांचं ऐकायची आणि मध्येच एखादं वाक्य असं टाकायची की नेरियासुद्धा गप्प. तिची पोर क्विंटर या मांडीवरून त्या मांडीवर फिरत मोठी होत होती. चालायला ती त्या अंगणातच शिकली, डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या डगल्याला धरून.

महिन्याच्या शेवटी मुली डब्या परत आणायच्या आणि त्या रिकाम्या असायच्या. पेरेस एकेक डबी उघडून आत बघायची आणि तिचं तोंड उजळायचं. "शाबास गं माझी वाघीण," म्हणून ती पाठीवर थाप मारायची. आळशी मुलीला ती आपली स्वतःची डबी पिशवीतून काढून दाखवायची, खुळखुळ वाजवायची. "हिच्यामुळे मी तुमच्यासमोर उभी आहे. मी लागण झाल्यावर खाल्ल्या. तुम्हाला आधीच मिळतायत. नशीब काढलंत." मुली मान हलवायच्या.

पेरेसला ते दिवस असे आठवतात की जणू वर्षभर ऊनच पडत होतं. खरं तर त्याच वर्षी सरोवरात पाणवेल माजून होड्या अडकल्या होत्या, मका जळाला होता, ओटिसच्या शाळेचा घोर होता. पण आठवतं ते आंब्याखालचं.

मग एका गुरुवारी डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"पेरेस, बसा. मुलींच्या रक्ताचा अहवाल आलाय. औषध किती पोचलंय हे बघायला नैरोबीला पाठवलं होतं ना."

"मग? चांगलाच असणार."

डॉक्टरबाई टेबलाकडे बघत राहिल्या. "रक्तात औषध नाहीये. थोड्या जणींच्या आहे. बाकीच्यांच्या नाहीच म्हटलं तरी चालेल."

"डब्या रिकाम्या येतात."

"हो, रिकाम्या येतात."

पेरेसला आधी वाटलं नैरोबीवाल्यांनी घोटाळा केला. मग तिने डॉक्टरबाईंचा चेहरा बघितला. डॉक्टरबाई चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "मी कोणाचं नाव तुम्हाला सांगणार नाही, सांगता येतही नाही. मलाही एवढंच हवंय, का ते कळू दे. वरचे लोक विचारतायत की हे केंद्र चालू तरी ठेवायचं का."

पेरेस घरी गेली ती धुमसत. एवढा जीव लावला, एवढ्या वेण्या घातल्या, पोरींच्या बाळंतपणाला धावले, आणि या तोंडावर खोटं बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तडक किनाऱ्यावर गेली. नेरिया जाळ्यावर वाकून मासळी उलटी करत होती. सिप्रोझा आजी शेजारी कावळे हाकत बसली होती.

"नेरिया, चल जरा."

"आत्या, हे वाळायचंय अजून."

"आजी बघेल. चल म्हणते ना."

दोघी होड्यांच्या पलीकडे खडकांवर जाऊन बसल्या. नेरियाने पायाने पाणी उडवलं. पेरेसने प्रस्तावना केली नाही.

"गोळ्या कुठे जातात?"

"कुठल्या गोळ्या?"

"नेरिया."

पोरीने हनुवटीने समोर दाखवलं. "तिथे. माझ्या सरोवरात. बाकीच्यांच्या संडासात. आत्या, एक मात्र आहे, कासेरेच्या माशांना तो आजार कधी व्हायचा नाही."

एरवी पेरेस हसली असती. "एक तरी घेतलीस का कधी?"

"पहिल्या महिन्यात घेतल्या की. मळमळायचं. तरी घेतल्या. मग ओद्युओर आला." ओद्युओर म्हणजे ज्याच्या होडीतून तिला मासळी मिळायची तो. "त्याने माझी पिशवी उचलली तर आत खुळखुळ वाजलं. म्हणाला, तुला आहे होय, आणि माझ्याजवळ येतेस? आठ दिवस मासळी नाही दिली. सगळ्या किनाऱ्याला सांगितलं असतं त्याने. मी म्हटलं, आजीच्या आहेत, सांधेदुखीच्या."

"मग मला सांगायचंस. डॉक्टरबाईंना सांगायचंस. डब्या रिकाम्या करून आणायचं नाटक कशाला?"

नेरियाने तिच्याकडे बघितलं. "तू किती खूश व्हायचीस, आत्या. डबी उघडलीस की तुझं तोंड असं व्हायचं, ओटिस शाळेत पहिला आल्यासारखं. कोण सांगणार तुला? आणि गोळ्या घेत नाही म्हटलं तर शनिवारी येऊ देणार नाहीत असं टर्फेनाला वाटायचं. मलाही वाटायचं. दुसरं कुठे आम्ही अशा बसतो? घरी बसलं की आजी म्हणते ऊठ, किनाऱ्यावर बसलं की पुरुष म्हणतात ये."

पेरेसचा राग कुठेतरी खाली उतरत चालला होता, पण नेरियाचं संपलं नव्हतं. ती बोटाने खडकावर रेघा ओढत होती.

"अजून एक आहे. रागावणार नसलीस तर सांगते."

"सांग."

"ती डबी तुझ्या डबीसारखी आहे. हुबेहूब. तू सगळ्यांना दाखवतेस, त्यामुळे कासेरेत ती डबी कोणाची ते लेकरालाही माहीत आहे. ती जिच्या हातात दिसेल, तिला लोक तुझ्यातली समजणार." ती थांबली. "आम्हाला तू आवडतेस, आत्या. पण आम्हाला तुझ्यासारखं व्हायचं नाहीये."

सरोवरातून एक होडी येत होती, तिच्या शिडावर निळं ठिगळ होतं, ती काठाला लागेपर्यंत पेरेस तिच्याकडे बघत बसली. नेरिया रडायला लागली तेव्हा तिने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "खरं बोललीस. बरं झालं. पण आता हे आंब्याखाली बोलायचं, सगळ्यांसमोर. बोलशील?"

"डॉक्टरबाई आम्हाला काढून टाकतील."

"नाही काढणार. ते माझ्यावर सोड."

घरी आल्यावर तिने खिडकीतली डबी उचलली आणि कितीतरी वेळ हातात धरून उभी राहिली. फेकायचा प्रश्न नव्हता, लपवायचाही नव्हता. तिने ती परत मिठाशेजारी ठेवली. पण शनिवारी पिशवीत घालून नेली नाही.

त्या शनिवारी डॉक्टरबाई डगला न घालता अंगणात आल्या आणि चटईवर मुलींच्यात बसल्या. म्हणाल्या, "गोळ्या पोटात जात नाहीत हे मला कळलंय. कोणाच्या ते विचारणार नाही. कोणालाही काढणार नाही, चहाही बंद होणार नाही. मला फक्त समजून घ्यायचंय, तुम्ही सांगाल तेवढं." पेरेसने ते लुओत सांगितलं. सगळ्या मुलींनी माना खाली घातल्या. पातेल्यातला चहा उकळून वर आला तरी कोणी उठेना.

शेवटी बोलली ती टर्फेना. नेरिया नव्हे.

"तुम्ही विचारता, गोळी घेतलीस का," ती हळू म्हणाली. "मी म्हणते हो. तुम्ही कधी असं नाही विचारलं की घेता आली का. मी सासरच्या अंगणात राहते. एकच खोली. गोळी ठेवू कुठे?"

मग बांध फुटला. कोणाच्या नवऱ्याने डबी चुलीत घातली होती. कोणाला धर्मगुरूच्या बायकोने विचारलं होतं की तू निरोगी आहेस तर औषध कशाचं खातेस, की पाप करायचा परवाना घेतलायस. एक म्हणाली, मी रोज घेते, खरंच घेते, पण सांगायची लाज वाटते, या सगळ्या हसतील. त्यावर खरोखरच सगळ्या हसल्या, आणि हसता हसता दोघी-तिघी रडल्या. डॉक्टरबाई लिहीत नव्हत्या. पेरेस एकेक सांगत होती आणि त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता मी नैरोबीला काय कळवू?"

"खरं कळवा," नेरिया म्हणाली. "एकदा तरी."

त्यांनी खरं कळवलं. डब्यांऐवजी कापडाच्या छोट्या थैल्या आल्या, पैशाच्या पाकिटासारख्या, त्या नेरियाने आणि आजीने शिवल्या. गोळ्या दवाखान्यातच ठेवून आठवड्याला न्यायची सोय झाली. पुढच्या तपासणीत बऱ्याच मुलींच्या रक्तात औषध दिसलं. पण वरच्यांचा निर्णय तोवर झाला होता. हे केंद्र वर्षाअखेरीस बंद.

त्याआधीच्या महिन्यात टर्फेना एका दुपारी पेरेसच्या घरी आली. क्विंटरला दारात खेळायला सोडलं आणि आत येऊन उभीच राहिली. तिचा चेहरा बघून पेरेसला कळलं.

"तपासणीत आलं," टर्फेना म्हणाली. "मीच सांगतेय, त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही."

पेरेसने तिला बसवलं. बाहेर क्विंटर कोंबडीला रागावत होती.

"थैली मिळाल्यापासून घेत होते गं मी," टर्फेना म्हणाली. "त्याच्याआधीच झालं असणार. तू बोल मला. शिव्या दे. तू हातात दिलं होतंस आणि मी संडासात टाकलं."

"मी कशाला शिव्या देऊ? मला दिल्या होत्या का कोणी?"

"मग सांग, कशी घेतेस तू."

पेरेसने खिडकीतून डबी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. टर्फेनाने ती उघडली, आतली एक गोळी तळहातावर घेऊन बघितली, जणू पहिल्यांदाच बघतेय. पेरेस म्हणाली, "संध्याकाळी मक्याची उगाली खाताना घ्यायची. रिकाम्या पोटी नाही. पहिले काही दिवस स्वप्नं पडतात वेडीवाकडी, घाबरायचं नाही, मला तर एकदा बिशप पोहताना दिसले." टर्फेना हसली, आणि मग तिचं हसू मोडलं. पेरेसने तिला रडू दिलं. चहा केला. संध्याकाळी तिला घरापर्यंत पोचवायला गेली आणि सासूला म्हणाली, "हिला उद्यापासून आठवड्यातून दोनदा माझ्याकडे पाठव, मला शेतात हात हवाय." सासूने नाक मुरडलं, पण पाठवलं.

वर्षअखेर आली. खुर्च्या, तराजू, पडदे ट्रकमध्ये चढले. चहाचं पातेलं नेरियाने पळवलं, आणि डॉक्टरबाईंनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. आंब्याखाली शेवटचा शनिवार झाला आणि मुली पांगल्या, जशा मुली पांगतात. कोणी लग्न होऊन डोंगराकडे, कोणी किसुमूला, एक मोंबासाच्या हॉटेलात. दोघी जगल्या नाहीत. सिप्रोझा आजी झोपेतच गेली. पुढे इतर गावांत आणखी संशोधनं झाली, कुठे अंगात बसवायची औषधी कडी, कुठे इंजेक्शन, आणि प्रत्येक ठिकाणी आता सुरुवातीलाच मुलींना बसवून विचारू लागले. नेरिया त्या विचारणाऱ्यांतलीच एक झाली. किसुमूला एका कचेरीत बसते आणि मोठ्या मोठ्या लोकांना सांगते की मुली काय काय करणार नाहीत. "जन्मभर मी तोंडाळ म्हणून मार खाल्ला," ती पेरेसला फोनवर म्हणते, "आता तोंडाचाच पगार मिळतो."

मंगळवारी डॉक्टरबाई आल्या. केस पूर्ण पांढरे, गुडघा दुखरा, गाडीतून उतरायला चालकाचा हात लागला. पेरेसने त्यांना बघितलं आणि दोघींनी एकमेकींना धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. "तुमचा घास झाला का?" डॉक्टरबाईंनी कानात विचारलं, आणि पेरेस भर दवाखान्याच्या अंगणात हसत सुटली.

दवाखान्यात गर्दी होती. शाळेच्या गणवेशातल्या मुली, बाळं घेतलेल्या, फोनमध्ये डोकं घातलेल्या. रांगेत टर्फेना उभी होती, आता चांगली भरलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. किनाऱ्यावर तिचं खानावळीचं छप्पर आहे, तळलेल्या माशासाठी लोक लांबून येतात. तिच्याशेजारी आईपेक्षा उंच झालेली क्विंटर.

"ही?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही माझ्या डगल्याला लटकायची?"

"आता कोणाला लटकत नाही," टर्फेना म्हणाली. "आईच्या शब्दाला तर नाहीच."

क्विंटरने लाजून हात पुढे केला. तिचं नाव पुकारलं गेलं तशी ती आत गेली. टर्फेना बाहेर बाकावर बसली आणि अंगावर गुंडाळलेल्या लेसोची कड पदरासारखी मुठीत धरून दाराकडे बघत राहिली. पेरेस तिच्याजवळ बसली. आत नर्सचा आवाज येत होता, रोजच्या गोळीऐवजी हे, वर्षातून दोनदा यायचं, मध्ये काही नाही, पोटावर छोटी गाठ लागेल, ती चोळायची नाही.

"वर्षातून दोनदा," टर्फेना म्हणाली. "ठेवायला जागा नको, काही नको."

"हो."

"मला राग येतो, आत्या. आनंदही होतो. दोन्ही एकदम."

पेरेसने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

क्विंटर पोट धरून बाहेर आली. "नर्स म्हणाली मुंगी चावेल. मुंगी कसली, विंचू होता." मग आईचा चेहरा बघितला. "काय गं? रडतेस कशाला? मलाच टोचलं ना."

जेवण टर्फेनाच्या छपराखाली झालं. नेरिया किसुमूहून यायची होती, पण वाटेत मोटार बंद पडली, म्हणून ती फोनच्या पडद्यावर आली आणि टेबलावर मिठाच्या भांड्याला टेकवलेल्या फोनमधून सगळ्यांशी बोलत राहिली. डॉक्टरबाईंनी मासा हातात घेतला, तिसऱ्याच घासाला काटा लागला, आणि पडद्यातून आवाज आला, "बाई, उगालीचा मोठा गोळा गिळा, नुसता गिळा." खोकून झाल्यावर डॉक्टरबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या लोकांत त्या केंद्राचं नाव निघालं की अजून म्हणतात, फसलेलं संशोधन. मी वाद घालत नाही. पण मला स्वप्नात दिसतं ते ते अंगण. बाकीची सगळी माझी यशस्वी कामं, त्यातलं एकही दिसत नाही."

"मलापण," पेरेस म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "आता या पोरी येतात, टोचून घेतात, जातात. चांगलंच आहे. जगतील. पण कोणाजवळ बसतील, डॉक्टरबाई? खोटं बोलायला तरी कोणीतरी लागतं."

टर्फेना उठली आणि सगळ्यांच्या ताटात न विचारता आणखी उगाली वाढली.

दुपार कलती झाल्यावर गाडी गेली. डॉक्टरबाईंनी काच खाली करून हात हलवला, वळणापर्यंत हलवत राहिल्या. क्विंटरच्या दोन मैत्रिणी मोटारसायकलवर येऊन थांबल्या होत्या, शाळेत नेटबॉलचा सामना होता. ती मागे चढली, तिघी एकमेकींना चिकटून बसल्या, कोणीतरी काहीतरी बोललं आणि तिघीही हसायला लागल्या.

"पोट चोळू नकोस," टर्फेना ओरडली. "आणि अंधाराच्या आत घरी."

क्विंटरने मान हलवली की नाही ते दिसलं नाही. मोटारसायकल किनाऱ्याच्या वाटेने धुरळा उडवत निघाली. पेरेस आणि टर्फेना छपराखाली उभ्या राहून बघत होत्या. धुरळा बसला, मग टर्फेनाने ताटं गोळा केली आणि पेरेसने फडका घेतला.

"राहू दे, आत्या. मी करते."

"गप गं," पेरेस म्हणाली आणि टेबल पुसायला लागली. "घरी जाऊन तरी मी काय करणारे."